लेडी जेन ग्रे: एका कागदावरच्या खाडाखोडीने राणी झालेली मुलगी

'लेडी जेन' हा १९८६ चा इंग्रजी पिक्चर बघितल्यावर बहुतेकांना एकच प्रश्न पडतो, की ही मुलगी राणी झालीच कशी? इंग्लंडचा राजा एडवर्ड गेला, त्याच्या दोन सावत्र बहिणी चांगल्या जिवंत होत्या, तरी गादीवर बसली तिसरीच कोणीतरी सोळा वर्षांची मुलगी, दोन आठवड्यांच्या आत तिचं राज्य संपलं आणि सात महिन्यांनी तिचं डोकं उडवलं. पिक्चर दोन तासांच्या वर आहे, देखणा आहे, पण तो मुळात लव्हस्टोरी सांगतो त्यामुळे राजकारणाचा हा गुंता तो भराभर उरकून पुढे जातो. त्यात ट्यूडर हे तेव्हाचं इंग्लंडचं राजघराणं म्हणजे निम्म्या बायका मेरी, जेन नाहीतर कॅथरिन आणि निम्मे पुरुष एडवर्ड नाहीतर हेन्री, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याचा पार गोंधळ उडतो. म्हणून हे सगळं सावकाश आणि आपल्या नात्यांच्या भाषेत सांगतो, कारण इंग्रजीत सगळ्यांना सरसकट कझिन म्हणून मोकळे होतात आणि मग कोण कोणाचं काय लागतं हेच कळत नाही.

आधी घर समजून घेऊ. राजा आठवा हेन्री, सहा लग्नं करणारा. त्याची तीन मुलं जगली आणि तिघांच्या आया वेगळ्या: मेरी १५१६ ची, एलिझाबेथ १५३३ ची, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो मुलगा एडवर्ड १५३७ चा. मेरीच्या आईशी आणि नंतर एलिझाबेथच्या आईशी झालेलं लग्न हेन्रीने रद्दबातल ठरवलं, म्हणजे कायद्याने दोन्ही मुली अनौरस झाल्या. पुढे १५४४ मध्ये त्याने पार्लमेंटकडून कायदा करून घेतला की आपल्यानंतर एडवर्ड, त्याला मूलबाळ झालं नाही तर मेरी, मग एलिझाबेथ. पण यात एक मोठी गोम राहिली, आणि पुढचं सगळं रामायण त्या गोमेतूनच झालं. मुलींना गादीचा हक्क परत दिला पण औरसपणा परत दिला नाही. कायद्याच्या पुस्तकात त्या एकाच वेळी वारसही होत्या आणि अनौरसही.

याच कायद्याने हेन्रीला अजून एक अधिकार दिला होता, की तिन्ही मुलांचा वंश खुंटला तर पुढचा वारस त्याने मृत्युपत्रात नेमावा. हेन्रीला दोन बहिणी होत्या. थोरली मार्गारेट स्कॉटलंडच्या राजघराण्यात दिलेली, तिचा वंश त्याने मृत्युपत्रात सरळ वगळला. धाकटी मेरी (होय, अजून एक मेरी) हिची मुलगी फ्रान्सेस, आणि फ्रान्सेसची थोरली मुलगी म्हणजे आपली जेन ग्रे. म्हणजे फ्रान्सेस ही एडवर्डची आत्येबहीण, जेन त्याची भाची. वयाने दोघं जवळपास बरोबरीची, पण नात्याने एडवर्ड तिचा मामा. आणि जिने पुढे जेनच्या मृत्युदंडावर सही केली ती राणी मेरी ही जेनची मावशी. हे मावशी-भाचीचं नातं डोक्यात ठेवून पिक्चर बघितला की जेन लापोटेअरने केलेली मेरी एकदम वेगळी दिसायला लागते, ती कोणी दुष्ट परकी बाई राहत नाही.

जेन लेस्टरशायरमधल्या ब्रॅडगेटच्या वाड्यात वाढली, तिच्या पाठीवर दोन बहिणी, कॅथरिन आणि मेरी. भाऊ नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. पोरगी विलक्षण हुशार. लॅटिन, ग्रीक उत्तम, हिब्रू शिकत होती, झुरिकच्या बुलिंगर नावाच्या मोठ्या प्रोटेस्टंट धर्मगुरूशी तिचा पत्रव्यवहार चालायचा, तोही तेरा-चौदा वर्षांची असताना. १५५० मध्ये रॉजर अ‍ॅस्कम हा विद्वान ब्रॅडगेटला गेला होता, तेव्हा घरची सगळी मंडळी शिकारीला गेलेली आणि जेन एकटी खोलीत बसून प्लेटोचा 'फीडो' मूळ ग्रीकमध्ये वाचत होती. त्याने विचारलं, तू का नाही गेलीस, तर तिचं म्हणणं असं की त्या शिकारीतली मजा ही प्लेटोच्या मजेची नुसती सावली आहे. आणि मग तिने आईवडिलांबद्दल सांगितलं ते वाचून आजही आत काहीतरी तुटतं. त्यांच्यासमोर ती बोलो, गप्प बसो, उभी राहो, शिवणकाम करो, सगळं अगदी मापात बरोबर व्हायला हवं, नाहीतर टोमणे, चिमटे, मार. तिचे मास्तर आयल्मर मात्र प्रेमाने शिकवायचे म्हणून पुस्तक हीच तिची सुटकेची जागा. अ‍ॅस्कमने हे लिहिलं ते पुस्तक छापलं गेलं १५७० मध्ये, जेन जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, त्यामुळे शब्दन् शब्द तिचाच आहे असं धरू नये, पण प्रसंग खोटा मानायचं काही कारण नाही.

पिक्चरने हा प्रसंग उचललाय फक्त पाहुणा बदललाय, अ‍ॅस्कमच्या जागी डॉक्टर फेकनम हा कॅथलिक धर्मगुरू आणलाय. खरा फेकनम जेनच्या आयुष्यात आला तो अगदी शेवटच्या चार-पाच दिवसांत, तुरुंगात. हा बदल मला मान्य आहे कारण मायकल हॉर्डर्नने तो म्हातारा इतका मायाळू उभा केलाय की शेवटी तो परत येतो तेव्हा जुनी ओळख असल्याचं ओझं त्या सीनवर बरोबर पडतं.

आता धर्माचं बघू, कारण ते वगळलं तर यातलं काहीच कळणार नाही. हेन्रीने पोपशी फारकत घेतली होती ती मुख्यतः लग्नाच्या भानगडीतून, पण एडवर्डच्या काळात इंग्लंड खरोखर प्रोटेस्टंट झालं. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची भाकर-द्राक्षारसाची उपासना, बंद, चर्चमधल्या मूर्ती काढल्या, भिंतीवरची चित्रं चुन्याने पुसली, प्रार्थना लॅटिनऐवजी इंग्रजीत. भांडणाचा सगळ्यात तापलेला मुद्दा होता भाकर आणि द्राक्षारसाचा. कॅथलिक म्हणायचे धर्मगुरूने आशीर्वाद दिला की ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, आणि जेनसारखे प्रोटेस्टंट म्हणायचे की ती भाकरच राहते, ती आठवण आहे. आज आपल्याला वाटेल एवढ्यावरून माणसं जाळायची? पण त्यांच्यासाठी तो आत्मा वाचणार की कायमचा नरकात जाणार याचा प्रश्न होता. एडवर्ड कट्टर प्रोटेस्टंट, मेरी तितकीच कट्टर कॅथलिक, लहान भाऊ राजा असूनही तिने आपल्या घरातली मिस्सा बंद केली नाही. म्हणजे एडवर्ड मूलबाळ न होता गेला तर सगळं उलटं फिरणार हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आणि १५५३ च्या सुरुवातीला एडवर्ड आजारी पडला. पंधरा वर्षांचा मुलगा, खोकला थांबेना, बहुधा क्षय किंवा फुफ्फुसाचा दुसरा काही संसर्ग, काही महिन्यांत तो पार झिजला.

इथे तो कागद येतो. लंडनच्या इनर टेंपलच्या ग्रंथालयात तो आजही आहे, एडवर्डच्या स्वतःच्या हातचा, मथळा साधारण 'वारसाविषयी माझी योजना' असा. त्यात त्याने दोन्ही बहिणींना बाजूला काढलं. खरं कारण मेरीचा धर्म, पण धर्मावरून वारस नाकारायला कायद्यात आधार नव्हता, म्हणून त्या अनौरस आहेत, सावत्र आहेत, उद्या परदेशी नवरा करून राज्य त्याच्या हातात देतील, ही कारणं पुढे केली. पण अनौरस म्हणून मेरीला काढायचं तर एलिझाबेथलाही काढावंच लागतं, कारण तिचीही कायद्यातली गत तीच. पिक्चर बघताना जो प्रश्न हमखास पडतो, की एलिझाबेथ तर प्रोटेस्टंट होती मग तिला का नाही दिली गादी, त्याचं उत्तर एवढंच आहे.

बरं, मग गादी द्यायची कोणाला? त्या वर्षी वारस म्हणून ज्यांची नावं घेता येतील त्या जवळपास सगळ्या बायका होत्या. मेरी, एलिझाबेथ, फ्रान्सेस, तिच्या तीन मुली, त्यांची मावसबहीण मार्गारेट क्लिफर्ड, तिकडे स्कॉटलंडची छोटी मेरी. आणि इंग्लंडला तोपर्यंत स्वतःच्या हक्काने राज्य केलेली, मुकुट घातलेली राणी माहीतच नव्हती, चारशे वर्षांपूर्वी माटिल्डाने प्रयत्न केला होता तर वर्षानुवर्षं यादवी झाली होती. एडवर्डलाही बाई गादीवर नकोच होती. म्हणून त्याने पहिल्यांदा जो मसुदा लिहिला त्यात गादी जेनला नाहीये! गादी दिली होती फ्रान्सेसच्या मुलग्यांना, ते नसतील तर जेनच्या मुलग्यांना, मग कॅथरिनच्या मुलग्यांना, असं पुढे. यातला एकही मुलगा जन्मलेला नव्हता. राजाने अजून न जन्मलेल्या बाळांच्या नावाने राज्य लिहून ठेवलं होतं, कारण तेव्हा त्याला वाटत होतं आपल्याकडे वेळ आहे.

जूनमध्ये कळून चुकलं की वेळ नाही. मग त्याच कागदावर खाडाखोड झाली. मूळ ओळ होती 'लेडी जेनचे मुलगे', तिथला षष्ठीचा प्रत्यय खोडून वर दोन छोटे शब्द घातले आणि ती ओळ झाली 'लेडी जेन आणि तिचे मुलगे'. बस, एवढंच. एक अक्षर खोडलं, दोन शब्द घुसवले आणि सोळा वर्षांची मुलगी इंग्लंडच्या गादीची पहिली वारस झाली. मराठी माणसाला हे वाचून 'ध चा मा' आठवल्याशिवाय राहणार नाही, नारायणरावाच्या वेळची ती धरावेचं मारावे केल्याची आख्यायिका. फरक असा की इथे खाडाखोड कोणी चोरून केलेली नाही, राजाने स्वतःच्या हाताने केली, आणि कागद पुराव्यासारखा शिल्लक आहे.

पिक्चरमध्ये या सगळ्याचा कर्ताकरविता दाखवलाय ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंड जॉन डडली, मरणाऱ्या पोराकडून हवं ते वदवून घेणारा कारस्थानी माणूस, आणि जॉन वूडने तो काम म्हणून जबरदस्त केलाय. डडली साधा नव्हताच. बापाला हेन्रीने १५१० मध्ये मारलेलं, त्यातून हा माणूस वर चढत चढत राज्याचा खरा कारभारी झाला, आणि मे १५५३ मध्ये त्याने आपला मुलगा गिल्डफर्ड याचं जेनशी लग्न लावलं. त्याच दिवशी त्याच मांडवात जेनच्या बहिणीचं कॅथरिनचं पेंब्रोकच्या मुलाशी आणि डडलीच्या मुलीचं हंटिंग्डनच्या मुलाशी, अशी तीन लग्नं एकत्र, म्हणजे बड्या घराण्यांची मोट बांधणं चालू होतं. खाडाखोडीचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला, तर याच माणसाला. तरीपण मला वाटतं सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. कॉमन प्लीज या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश माँटेग्यू आणि इतर न्यायाधीशांना एडवर्डने जूनमध्ये बोलावून घेतलं तेव्हा ते म्हणाले, महाराज हे करता येणार नाही, पार्लमेंटचा कायदा तुमच्या साध्या कागदाने मोडत नाही, आम्ही असा दस्त बनवला तर तो राजद्रोह होईल. तर त्या आजारी मुलाने त्यांना रागाने झापलं आणि काम करायला लावलं, असं माँटेग्यूनेच नंतर लिहून ठेवलंय. शेवटी २१ जूनला दस्त तयार झाला, शंभराच्या वर बड्या लोकांनी सह्या केल्या, कँटरबरीचे आर्चबिशप क्रॅनमर आढेवेढे घेत घेत का होईना सही करून बसले. एडवर्डला बाहुलं समजणं चुकीचं आहे, तो मरायला टेकलेला होता पण आपल्याला काय हवंय ते त्याला नीट कळत होतं.

६ जुलै १५५३ ला ग्रीनिचला तो गेला. बातमी काही दिवस दाबून ठेवली. आणि इथे डडलीची सगळ्यात मोठी चूक झाली, मेरी त्याच्या ताब्यात नव्हती. तिला आधीच कुणकुण लागली आणि ती लंडनजवळचं घर सोडून नॉरफोकमधल्या केनिंगहॉलला निघून गेली होती.

९ जुलैला जेनला सायन हाउसला बोलावून सांगितलं की तू राणी आहेस. ती कोसळून रडली, म्हणाली हा हक्क माझा नाही, मेरीचा आहे. शेवटी देवावर भार टाकून तिने मान्य केलं. दुसऱ्या दिवशी तिला टॉवर ऑफ लंडनमध्ये नेलं, तिथे एक प्रसंग झाला तो माझ्या मते तिच्या आयुष्यातला सगळ्यात बोलका. खजिनदार मार्क्विस ऑफ विंचेस्टर मुकुट घेऊन आला, म्हणाला बघा डोक्याला बसतो का, आणि जाता जाता बोलून गेला की दुसरा पण एक बनवून घेऊ, तुमच्या नवऱ्यासाठी. तोपर्यंत रडणारी मुलगी तिथे एकदम सावध झाली. गिल्डफर्डला तिने साफ सांगितलं, मी तुला ड्यूक करेन पण राजा करणार नाही. सासूबाई भडकल्या, मुलाला म्हणाल्या हिच्याजवळ जाऊ नकोस, चल घरी. तर जेनने माणसं पाठवून नवऱ्याला परत बोलावून घेतलं, कारण राणीचा नवरा रुसून गेला हे लोकांत दिसणं बरं नव्हतं. म्हणजे डडलीने जिला आपल्या मुलाला राजा करायची शिडी म्हणून आणलं तिने पहिल्याच दिवशी ती शिडी काढून घेतली.

पिक्चरने नेमका हाच धागा सोडलाय. तिथे जेन आणि गिल्डफर्ड आधी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मग गावाकडच्या घरात हळूहळू जीव जडतो, आणि मग दोघं मिळून एक नवं राज्य घडवायची स्वप्नं बघतात. केरी एल्वेस आणि हेलेना बॉनहॅम कार्टर दोघंही कोवळे, तिने तर शूटिंगच्या वेळी विशीही गाठली नव्हती, आणि दोघांचं जमलंय पण सुंदर. खऱ्या आयुष्यात प्रेम होतं असं सांगणारे पुरावे मात्र फार थोडे आहेत, उलट मुकुटावरून भांडण झाल्याचेच आहेत.

पण त्या स्वप्नांमधली एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, शिलिंगची. पिक्चरमध्ये हे दोघं म्हणतात की शिलिंगची किंमत शिलिंगएवढीच असली पाहिजे, आणि बघणाऱ्याला वाटतं हे काय मध्येच. तर हेन्रीने लढायांचा खर्च भागवायला नाण्यांतली चांदी कमी करून तांबं मिसळायला सुरुवात केली होती, एडवर्डच्या कारभाऱ्यांनी तेच पुढे चालवलं, १५५१ पर्यंत काही नाण्यांत चांदी जेमतेम पाव हिस्सा राहिली. हेन्रीचा चेहरा समोरून असलेल्या नाण्यांवर नाक सगळ्यात उंच असायचं, ते घासून वरची चांदी गेली की आतलं तांबं दिसायचं, म्हणून लोकांनी त्याला 'तांबडनाक्या' असं नाव पाडलं. मग त्याच वर्षी सरकारने बारा पेनीचं शिलिंग आधी नऊ पेनीचं आणि दीड महिन्याच्या आत सहा पेनीचं केलं, म्हणजे गरिबाने गाठीला बांधलेल्या पैशाची किंमत बसल्या जागी निम्मी. त्यात जमीनदार गावाची चरायची रानं कुंपण घालून मेंढ्यांसाठी घेत होते. पटकथा लिहिणारा डेव्हिड एडगर हा डाव्या विचारांचा नाटककार, डायरेक्टर ट्रेव्हर नन हा रॉयल शेक्सपिअर कंपनीचा, दोघंही रंगभूमीवरचे, त्यांना राजवाड्याबाहेरचा हा माणूस पिक्चरमध्ये हवा होता. खऱ्या जेनने असं काही केल्याची नोंद नाही, तिला तेवढा वेळच मिळाला नाही, पण ज्या अन्यायाबद्दल ती पडद्यावर बोलते तो अन्याय शंभर टक्के खरा होता. म्हणून त्या सीनना मी खोटं म्हणणार नाही.

आता ती हरली कशामुळे? बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं की डडली वाईट होता म्हणून, किंवा लोक कॅथलिक होते म्हणून. अर्धंच खरं आहे. पूर्वेकडच्या नॉरफोक-सफोकमध्ये प्रोटेस्टंटही भरपूर होते आणि तरी लोक मेरीकडे धावले. चार वर्षांपूर्वी, १५४९ मध्ये, कुंपणांविरुद्ध केट नावाच्या माणसाने तिथे बंड केलं होतं आणि ते चिरडायला गेलेला सेनापती हाच डडली, त्यामुळे त्याच्याबद्दल तिथे आग होती. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांना वारसाचा क्रम पाठ होता. हेन्रीची मुलगी मेरी, पार्लमेंटच्या कायद्यात तिचं नाव आहे, मग ही जेन कोण? लंडनमध्ये जेनच्या नावाची द्वाही फिरली तेव्हा जयजयकार झालाच नाही. गिल्बर्ट पॉटर नावाचा दारूच्या गुत्त्यावरचा पोऱ्या म्हणाला की हक्क तर मेरीचा आहे, तर दुसऱ्या दिवशी त्याचे दोन्ही कान कापले. हे जेनच्या नावाने झालं, हे पण तिची बाजू घेताना विसरता कामा नये.

मेरीने लंडनला पत्र पाठवलं की मी राणी आहे, आज्ञा पाळा. ती फ्रॅमलिंगहॅमच्या किल्ल्यात गेली आणि माणसं जमत गेली. तिला पकडायला सैन्य पाठवायचं ठरलं, जेनच्या वडिलांचं नाव निघालं, पण जेनने रडून सांगितलं बाबा माझ्याजवळ राहू देत. मग १४ जुलैला डडली स्वतः निघाला आणि तो लंडनबाहेर पडल्याबरोबर मागे मंत्र्यांचे चेहरे बदलायला लागले. समुद्रावर मेरीची वाट अडवायला ठेवलेल्या जहाजांवरचे खलाशीच फितूर होऊन मेरीला मिळाले. १६ तारखेला संध्याकाळी टॉवरचे दरवाजे अचानक बंद करून किल्ल्या जेनकडे नेऊन दिल्या, कारण तोच विंचेस्टर गुपचूप आपल्या घरी निघून गेला होता, त्याला रात्री परत आणवलं. सोळा वर्षांची मुलगी, एवढ्या मोठ्या किल्ल्याच्या किल्ल्या स्वतःजवळ घेऊन बसलेली, आणि आतल्या एकाही माणसावर भरवसा नाही. पिक्चरमध्ये हा सीन असायला हवा होता असं मला फार वाटतं.

१९ जुलैला त्याच मंत्र्यांनी, ज्यांच्या सह्या त्या दस्तावर होत्या, मेरीला राणी जाहीर केलं. लंडनमध्ये घंटा, होळ्या, लोक नाचतायत. जेनच्या वडिलांनी, म्हणजे पिक्चरमध्ये पॅट्रिक स्टुअर्टने केलेल्या ड्यूक ऑफ सफोकने, स्वतःच्या हाताने लेकीच्या डोक्यावरचं राजछत्र ओढून काढलं आणि सांगितलं की तू आता राणी नाहीस. तिने विचारलं, मग मी घरी जाऊ का? वडील निघून गेले, ती तिथेच राहिली, टॉवरमध्येच, फक्त महालातून कैदेत. लोक तिला 'नऊ दिवसांची राणी' म्हणतात ते १० जुलैच्या द्वाहीपासून मोजून, एडवर्डच्या मृत्यूपासून धरलं तर तेरा दिवस होतात.

डडलीला ऑगस्टमध्येच मारलं, मरायच्या आधी तो कॅथलिक झाला आणि ही गोष्ट जेनला त्याच्या बाकी सगळ्या कृत्यांपेक्षा जास्त लागली, ती त्याबद्दल फार कडवट बोलली. नोव्हेंबरमध्ये गिल्डहॉलला जेन आणि गिल्डफर्डवर खटला चालला, दोघं दोषी, शिक्षा मृत्यू. पण मेरीच्या मनात भाचीला मारायचं नव्हतं, शिक्षा कागदावर ठेवून हळूहळू सोडून देऊ असा विचार दिसतो. मग झालं काय? मेरीने स्पेनच्या फिलिपशी लग्न ठरवलं, परदेशी नवऱ्याची जी भीती एडवर्डने लिहून ठेवली होती तीच खरी झाली, आणि जानेवारी १५५४ मध्ये थॉमस वायटने केंटमध्ये बंड केलं. त्या बंडात सामील झाला जेनचा बाप. मेरीने त्याला एकदा माफ केलेलं असताना, लेक तिच्या कैदेत असताना! बंडखोर लंडनच्या वेशीपर्यंत आले, आणि मग मेरीच्या मंत्र्यांचं म्हणणं पटण्यासारखं झालं की ही मुलगी जिवंत आहे तोवर कोणीही तिच्या नावाने उठेल. जेनचा या बंडाशी काडीचा संबंध नव्हता.

मेरीने शेवटचा प्रयत्न म्हणून फेकनमला पाठवलं, की तिला कॅथलिक करून घे, निदान तिचा आत्मा तरी वाचव. त्याच्या विनंतीवरून शिक्षा तीन दिवस पुढेही ढकलली. दोघांचा वाद झाला तो तिच्या मृत्यूनंतर प्रोटेस्टंट लोकांनी छापला, आणि त्यात भाकरीच्या मुद्द्यावर जेनचं उत्तर असं की येशू 'हे माझं शरीर' म्हणाला तसं 'मी द्राक्षवेल आहे, मी दार आहे' असंही म्हणाला, मग तो खराच वेल आणि खरंच दार झाला का? मरण दोन दिवसांवर आलेलं असताना ती मुलगी वादात एक पाऊल मागे येत नाही. ही जेन गोड नाहीये, ती ताठ आहे, कधी कधी कठोर पण आहे, तिच्या एका जुन्या शिक्षकाने धर्म बदलला तर त्याला तिने पत्रात जे सुनावलंय ते वाचवत नाही. पिक्चरने तिला फार मऊ केलंय. मला ही खरी, टोकदार मुलगी जास्त आवडते.

१२ फेब्रुवारी १५५४. सकाळी गिल्डफर्डला टॉवर हिलवर लोकांसमोर मारलं. त्याने आदल्या दिवशी शेवटची भेट मागितली होती पण तिने नको म्हटलं, म्हणाली लवकरच वर भेटू, असं सांगतात. खिडकीतून तिने त्याला जाताना पाहिलं आणि गाडीतून परत आणलेलं धडही पाहिलं. मग तिची पाळी, टॉवरच्या आतल्या हिरवळीवर, थोड्या लोकांसमोर. तिच्या हातात एक छोटं प्रार्थनेचं पुस्तक होतं, तळहातावर मावेल एवढं, ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या पानांच्या खालच्या मोकळ्या जागेत तिने वडिलांना निरोप लिहिलाय आणि टॉवरच्या अधिकाऱ्यालाही, कारण त्याने आठवण म्हणून काहीतरी लिहून मागितलं होतं. ज्या बापामुळे मरण आलं त्याला लिहिलेल्या त्या ओळींत राग नाही. तिने स्वतः डोळ्यांवर रुमाल बांधला, गुडघ्यावर बसली, पण लाकडी ठोकळा हाताला लागेना. हात चाचपडत ती म्हणाली, मी काय करू, कुठे आहे तो? कोणीतरी पुढे होऊन तिचा हात धरून नेला.

डेलारोश या फ्रेंच चित्रकाराचं १८३३ चं प्रचंड मोठं चित्र नेमकं या क्षणाचं आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, पांढऱ्या साटीनच्या कपड्यातली मुलगी, काळोखी तळघर. तिने त्या दिवशी काळे कपडे घातले होते आणि प्रसंग उघड्यावर झाला, पण आज जगाला जेन आठवते ती या चित्रातलीच, कारण ती जिवंत असताना काढलेलं आणि नक्की तिचंच म्हणता येईल असं एकही चित्र शिल्लक नाही. पिक्चरमधला टॉवर पण खरा टॉवर नाही, बरंचसं शूटिंग डोव्हरच्या किल्ल्यात झालं.

वडिलांना २३ फेब्रुवारीला मारलं. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून लिहून टाकलं की गादीवर राणी असली तरी तिचा अधिकार राजाइतकाच पूर्ण आहे, म्हणजे ज्या शंकेपायी एडवर्डने न जन्मलेल्या मुलग्यांची यादी केली होती ती शंका कायद्याने मिटवली. मेरीनंतर १५५८ मध्ये एलिझाबेथ आली, अगदी १५४४ च्या कायद्यातल्या क्रमाने. जेनच्या दोन्ही बहिणींनी एलिझाबेथच्या परवानगीशिवाय गुपचूप लग्नं केली, दोघींनाही त्यासाठी कैद भोगावी लागली, कॅथरिन तर त्यातच १५६८ मध्ये गेली, कारण ग्रे घराण्यातल्या मुलीला मुलगा होणं हीच एलिझाबेथसाठी धोक्याची गोष्ट होती. आणि १६०३ मध्ये एलिझाबेथ निपुत्रिक गेली तेव्हा गादी मिळाली स्कॉटलंडच्या जेम्सला, हेन्रीने मृत्युपत्रात जाणूनबुजून वगळलेल्या थोरल्या बहिणीच्या, मार्गारेटच्या वंशाला.